आडवाटेवरील लांबच्या सायकलप्रवासाची आखणी

म्हैसूर शहरातून नकाशावर सरळ उत्तरेकडे रेघ ओढली, तर सुमारे ४० किलोमीटरांवर ती मेलुकोटेच्या डोंगराला जाऊन भिडते. मोटाररस्त्याने हेच अंतर ५० किलोमीटरांच्या आसपास भरते. कालव्याकाठचे रस्ते, गाडीवाटा आणि शेताच्या बांधांवरील पाऊलवाटा धरून जायचे ठरवल्यास ते ६० च्या घरात जाते. हे तिन्ही आकडे खरे आहेत. तथापि आडवाटेने जाऊ इच्छिणाऱ्या सायकलस्वाराला त्यांपैकी एकाचाही फारसा उपयोग नाही. त्याला निराळ्याच प्रश्नाचे उत्तर हवे असते. सकाळी सात वाजता निघालेला माणूस अंधार पडण्यापूर्वी मेलुकोटेला पोचेल काय, आणि पोचला नाही तर त्या वेळी तो नेमका कोठे असेल? प्रवासाची आखणी म्हणजे या प्रश्नाच्या उत्तरार्धाचा घरी बसून, कागद-पेन्सिल घेऊन केलेला विचार होय. पूर्वार्धाचा विचार सगळेच करतात.

माउंटन बाइक हे तसे अलीकडचे वाहन. जाड, खाचदार टायर आणि चढासाठी हलके गिअर असलेली ही सायकल १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात, माउंट तामाल्पायस डोंगराच्या उतारांवर जुन्या सायकली दामटणाऱ्या तरुणांच्या खटपटीतून जन्मली आणि १९८० च्या दशकारंभी कारखान्यांतून बाहेर पडू लागली. खडबडीत वाटांवरचा लांब प्रवास मात्र तिच्याहून बराच जुना आहे. १८९७ च्या जून महिन्यात अमेरिकेच्या २५ व्या पायदळ पलटणीतील वीस कृष्णवर्णीय सैनिक लेफ्टनंट जेम्स मॉस याच्या हाताखाली मॉन्टानातील फोर्ट मिझूला येथून सायकलींवर निघाले आणि सुमारे ३,००० किलोमीटरांची वाट ४१ दिवसांत तुडवून सेंट लुईसला पोचले. त्यांच्या सायकलींना गिअर नव्हते. चिकट चिखलात चाके रुतली की ते रेल्वेच्या रुळांमधून, स्लीपरांवर आदळत सायकली ढकलीत. नेब्रास्कातील वाळूच्या टेकड्यांत खारट पाणी पिऊन बरेच जण आजारी पडले. असे असूनही ते पोचले, याचे कारण मॉसने केलेली तयारी हे होते. सुमारे शंभर-शंभर मैलांवर शिधा आधीच पाठवून ठेवलेला होता, आणि वाट बहुतांशी लोहमार्गाच्या जवळून आखलेली होती.

लोहमार्गाच्या जवळून, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

किलोमीटरांचे तास

आडवाटेवर अंतर तासांत मोजावे. डांबरी रस्त्यावर सामान लादलेल्या सायकलीचा वेग ताशी १५ किलोमीटर धरला, तर चांगल्या मुरमाड गाडीवाटेवर तो १० वर येतो, दगडगोट्यांच्या वाटेवर ६ वर, आणि उतरून सायकल ढकलावी लागली की ३ वर. हे सरासरी माणसाचे आकडे आहेत. प्रत्येकाने गावाजवळच्या एखाद्या ओळखीच्या वाटेवर सामानासह दोन-तीन फेऱ्या मारून आपले आकडे काढावेत. सामानाविना काढलेले आकडे निरुपयोगी.

चढाचा हिशेब निराळा आहे आणि तो पदार्थविज्ञानाच्या शालेय पाठावरून करता येतो. स्वार, सायकल आणि सामान मिळून १०० किलो वजन धरू. ते एक मीटर वर उचलण्यास सुमारे १,००० ज्यूल ऊर्जा लागते. सराव असलेला सामान्य माणूस दिवसभर टिकेल अशा बेताने पेडलवर साधारण १०० वॅट, म्हणजे सेकंदाला १०० ज्यूल, इतका जोर लावू शकतो. तेव्हा एक मीटर चढायला दहा सेकंद आणि शंभर मीटर चढायला हजार सेकंद, म्हणजे सुमारे १७ मिनिटे लागतात. ही मिनिटे सपाटीच्या वेळेत वर मिळवायची असतात. उतारावर ती परत मिळतील अशी आशा बाळगू नये. डांबरी रस्त्यावर थोडीफार मिळतात. दगडांच्या उतारावर ब्रेक दाबूनच उतरावे लागते.

आता मेलुकोटेचे गणित मांडू. ६० किलोमीटरांपैकी २० डांबरी किंवा तत्सम वाटेचे, ३० गाडीवाटेचे व कालव्याकाठचे, आणि शेवटचे १० दगडगोट्यांचे धरले, तर अनुक्रमे १ तास २० मिनिटे, ३ तास आणि १ तास ४० मिनिटे, एकूण ६ तास होतात. श्रीरंगपट्टणाची पातळी म्हैसूरपेक्षा सुमारे ८० मीटर खाली आहे, म्हणजे मार्ग आधी कावेरीकडे उतरतो आणि मग चढू लागतो. बारीकसारीक चढउतार धरून एकंदर चढ ४०० मीटर मानला, तर आणखी सुमारे ७० मिनिटे लागतील. हे झाले ७ तास १० मिनिटे. विसावा, जेवण, पंक्चर, वाटेची विचारपूस यांसाठी याच्या चौथाईइतका वेळ मिळवावा. बेरीज ९ तासांची होते. सातला निघालेला माणूस चार वाजता पोचतो.

डिसेंबर महिन्यात म्हैसूरला सूर्य सकाळी साडेसहाच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास मावळतो. हे स्थळ विषुववृत्तापासून अवघ्या सव्वाबारा अंशांवर असल्यामुळे संधिप्रकाश विशीपंचविशीच्या मिनिटांतच संपतो. म्हणजे वरील हिशेबात हाताशी दोन तास उरतात. आडवाटेच्या प्रवासात हे दोन तास शिल्लक राहिलेच पाहिजेत. हिशेबात ते उरत नसतील तर वेग वाढवून गणित जुळवण्याचा मोह टाळावा आणि वाटेचा एखादा तुकडा गाळून तो डांबरी रस्त्याने काटावा.

नकाशा काय सांगतो आणि काय लपवतो

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. जुन्या क्रमांकानुसार म्हैसूर ५७ डी/११ या पत्रकात येते, मेलुकोटे ५७ डी/१० मध्ये. आणि तेथून वायव्येस श्रवणबेळगोळपर्यंत जायचे झाल्यास ५७ डी/९ व ५७ डी/५ ही आणखी दोन पत्रके लागतात. या नकाशांवर गाडीवाट व पाऊलवाट यांसाठी निरनिराळी चिन्हे असतात आणि समोच्च रेषा सामान्यतः वीस-वीस मीटरांच्या अंतराने काढलेल्या असतात. या वीस मीटरांतच एक फसगत दडलेली असते. पंधरा मीटर खोल ओढ्यात उतरून पुन्हा पंधरा मीटर चढायचे झाले, तर तो चढ नकाशात उमटेलच असे नाही. असे दहा ओढे लागले की दीडशे मीटरांचा चढ झाला आणि सुमारे २५ मिनिटे खर्ची पडली. म्हैसूर आणि मंड्या जिल्ह्यांतील भूमी अशाच लाटांसारख्या उठवट्यांची आहे. तेथे सह्याद्रीसारखी उभी भिंत समोर येत नाही, त्यामुळे मराठी प्रवाशाला ती सपाट वाटते. संध्याकाळी पाय निराळे सांगू लागतात.

भ्रमणध्वनीवरील नकाशे आणि उपग्रहचित्रे यांनी आज हे काम पुष्कळ सुकर केले आहे. छापील पत्रकात नसलेले नवे कालवे व रस्ते त्यांत दिसतात. तरी उपग्रहाला वाट दिसते. वाटेवरचे कुलूपबंद फाटक, सौरऊर्जेच्या विजेचे कुंपण किंवा गेल्या पावसात वाहून गेलेली मोरी दिसतेच असे नाही. दोन्ही साधने जवळ असावीत, आणि भ्रमणध्वनीत नकाशा आधीच उतरवून घेतलेला असावा. डोंगराआड जाळे मिळेल या भरवशावर राहू नये.

कालव्याकाठचा रस्ता हा आडवाटेच्या प्रवाशाचा या मुलखातील मोठा आधार आहे. कृष्णराजसागर धरणाचे काम १९११ मध्ये सुरू झाले. त्यातून निघालेला विश्वेश्वरय्या कालवा आणि त्याहून जुने, कावेरीवरील बंधाऱ्यांपासून निघालेले चिक्कदेवराज व विरिजा हे कालवे श्रीरंगपट्टणाच्या आसपासचा मुलूख भिजवतात. पाणी आपल्या वजनाने वाहावे म्हणून कालवा समोच्च रेषेला धरून, अगदी नाममात्र उताराने नेलेला असतो. साहजिकच त्याच्या काठच्या देखभालीच्या रस्त्यालाही चढ नसतो. परंतु याच कारणाने तो प्रत्येक टेकाडाला वळसा घालतो, आणि समोर दोन किलोमीटरांवर दिसणारे गाव पाच किलोमीटरांनी येते. दुसरे असे की, कालवा ओढ्यावरून पूलवजा नळीतून किंवा ओढ्याखालून भुयारी नळातून पलीकडे जातो, तेथे रस्ता तुटण्याचा संभव असतो. हुलिकेरे येथे तर विश्वेश्वरय्या कालवा बोगद्यातच शिरतो. पाण्याची वाट पुढे चालू राहते; प्रवाशाला मात्र टेकडी ओलांडावी लागते. म्हणून निळ्या रेघेला काळी किंवा तांबडी रेघ जेथे जेथे छेदते, ती प्रत्येक जागा नकाशावर पेन्सिलीने खूण करून तपासावी.

गावांची नावेही नकाशाइतकीच बोलकी असतात. ‘बेट्ट’ म्हणजे डोंगर, ‘केरे’ म्हणजे तळे, ‘कट्टे’ म्हणजे बांध, ‘काडु’ म्हणजे रान. ‘हळ्ळी’ म्हणजे गाव आणि ‘हळ्ळ’ म्हणजे ओढा, हा भेद विसरणाऱ्याचे पाय ओले होतात. ‘हुंडी’ आणि ‘कोप्पलु’ ही प्रत्यये बहुधा लहान वस्ती सुचवतात, तेव्हा तेथे खानावळीची अपेक्षा करू नये.

वाट विचारण्याचीही एक रीत आहे. ‘ही वाट मेलुकोटेला जाते ना?’ असे विचारल्यास उत्तर होकारार्थीच येते, कारण पाहुण्याला नाही म्हणणे शेतकऱ्याच्या जिवावर येते. ‘ई दारि एल्लिगे होगुत्ते?’, म्हणजे ही वाट कोठे जाते, असे मोकळे विचारावे, आणि तेथून मोटारसायकल पलीकडे जाते काय हे विचारून घ्यावे. जेथून गावकऱ्याची मोटारसायकल जाते तेथून आपली सायकल जाणारच. ‘इल्ले हत्तिर’, म्हणजे ‘हे काय, येथे जवळच’, या उत्तरावरून अंतराचा अंदाज करू नये. मराठी मुलखातील ‘हाकेच्या अंतरा’सारखेच ते आहे.

ऋतू आणि माती

महाराष्ट्रात भटकंतीचा हंगाम दसऱ्यापासून धरण्याची वहिवाट आहे. तीच म्हैसूरला लावणे घातक ठरते. तेथे पाऊस जून ते सप्टेंबर या चारच महिन्यांत आटपत नाही. मे आणि ऑक्टोबर हे तेथील अधिक पावसाच्या महिन्यांत मोडतात. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर ढग जमून गडगडाटासह सरी कोसळतात आणि ऑक्टोबरात पावसाची पुन्हा एक फेरी होते. लांबच्या आडवाटांसाठी डिसेंबर ते फेब्रुवारी हेच महिने भरवशाचे. मार्चपासून दुपारचा पारा चढू लागतो आणि उन्हात चढ चढणे जिकिरीचे होते.

पावसाचे खरे परिणाम मातीवर अवलंबून असतात. म्हैसूर परिसरातील बरीचशी जमीन तांबड्या रेताड मातीची आहे. तीतून पाणी लवकर निचरते. सर पडून गेल्यावर काही तासांत वाट पुन्हा चालती होते. चामराजनगरच्या बाजूला काळ्या मातीचे पट्टे लागतात, आणि त्यांची जात आपल्या देशावरील काळीसारखीच. ती ओली झाली की टायर आणि ब्रेक यांच्यामध्ये गोळे धरते आणि शंभर पावलांत चाक फिरेनासे होते. मॉसच्या सैनिकांना ज्याने रुळांवर चढवले तो चिखल याच जातीचा. अशा पट्ट्यातून वाट आखायची असेल तर शेजारचा डांबरी रस्ता आधीच हेरून ठेवावा.

डिसेंबर-जानेवारीत एक वेगळाच अडथळा येतो. सुगीच्या दिवसांत शेतकरी नाचणी आणि हुलगे मळणीसाठी रस्त्यावर पसरतात. वाहनांच्या चाकांखाली दाणे आपोआप सुटतात. हुलग्याचे वाळलेले वेल सायकलीच्या मागच्या गिअरमध्ये गुरफटले तर गिअर बदलणारी यंत्रणा पिळवटून मोडू शकते. तेथे उतरून सायकल हाती धरावी. वाट तुडवण्याचे पाप लागत नाही आणि धान्याच्या मालकाशी वादही होत नाही.

मेलुकोटेच्या वाटेवरची एक जुनी शिकवण

या मुलखात आखणी फसल्याचे सर्वांत मोठे उदाहरण मराठ्यांच्या इतिहासाशी निगडित आहे. मे १७९१ मध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिस टिपू सुलतानाच्या श्रीरंगपट्टणावर चालून गेला. १५ मे रोजी अरकेरेजवळची लढाई त्याने जिंकली. पण टिपूने वाटेवरचा मुलूख आधीच उजाड करून ठेवला होता, वर सांगितलेला मे महिन्याचा पाऊस सुरू झाला होता आणि चाऱ्यावाचून व रोगाने बैल पटापट मरत होते. तोफा ओढायला जनावरे उरली नाहीत. कन्नंबाडीजवळ (पुढे हे गाव कृष्णराजसागराच्या पाण्याखाली गेले) जड तोफांचा नाश करून त्याला माघार घ्यावी लागली. आणि माघारीला प्रारंभ होतो न होतो तोच मेलुकोटेच्या बाजूने हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा येऊन भेटल्या. त्यांच्याबरोबरच्या बाजारात धान्य होते, जनावरे होती, पैसे टाकले तर लागेल ती वस्तू होती. या फौजा इतक्या जवळ आहेत याची वार्ताच इंग्रजांना नव्हती, कारण निरोप घेऊन निघालेले जासूद टिपूच्या स्वारांनी वाटेत अडवले होते. काही दिवस आधी ती वार्ता पोचती तर तोफा कदाचित वाचत्या.

इतिहासकार या प्रसंगाचा विचार युद्धनीतीच्या अंगाने करतात. आपल्या विषयाच्या दृष्टीने तो अन्न, ऋतू आणि वार्ता या तीन गोष्टींचा आहे. कॉर्नवॉलिसपाशी अंतर काटण्याचे सामर्थ्य होते. तो राजधानीच्या दारापर्यंत पोचलाही. परत कसे फिरायचे आणि शेजारी कोण आहे, हे दोन रकाने त्याच्या वहीत कोरे होते.

पाणी, अन्न आणि यंत्र

उन्हात सायकल हाकणाऱ्याच्या शरीरातून तासाला अर्धा ते एक लिटर घाम जातो. त्याची भरपाई तासाला निदान अर्धा लिटर पाण्याने करावी लागते, म्हणजे मेलुकोटेच्या सात तासांच्या हाकण्याला साडेतीन-चार लिटर. एवढे पाणी उचलून न्यायचे तर चार किलो वजन वाढते. तेव्हा दोन लिटर जवळ ठेवून ते दोनदा भरून घेण्याच्या जागा नकाशावर नेमून टाकाव्यात. श्रीरंगपट्टण व पांडवपुर येथे अडचण नाही. अनेक खेड्यांत नाणे टाकून शुद्ध पाणी घेण्याची केंद्रे झाली आहेत. खिशात सुटी नाणी असावीत, मात्र प्रत्येक केंद्र चालू असेल असे गृहीत धरू नये. मंड्याच्या बाजूला नारळाच्या बागा विपुल असल्यामुळे शहाळी मिळतात. तोन्नूरचे विशाल तळे पाहून डोळे निवतात, पण ते पाणी उकळल्याशिवाय पिऊ नये.

अन्नाच्या बाबतीत या प्रदेशाइतका सोयीचा प्रदेश विरळा. इडली, चित्रान्न, दहीभात हे पचायला हलके आणि लवकर शक्ती देणारे पदार्थ लहानशा गावातही मिळतात. नाचणीचा मुद्दा पोटात बराच वेळ टिकतो, म्हणून तो रात्रीसाठी ठेवावा. मेलुकोटेचा पुळियोगरे, म्हणजे चिंचेचा भात, प्रसिद्ध आहे आणि तो दुसऱ्या दिवशीच्या शिदोरीलाही टिकतो. भूक लागण्यापूर्वी खावे आणि तहान लागण्यापूर्वी प्यावे, हा नियम घोकून पाठ करण्याजोगा आहे.

यंत्राविषयी थोडेच सांगायचे आहे. या भागात बाभळीचे काटे आणि सराटे पंक्चरचे मुख्य कारण. दोन सुट्या ट्यूब, ठिगळांचे साहित्य, पंप, साखळीची जोडकडी आणि षट्कोनी किल्ल्यांचा संच एवढे हवेच. टायरमध्ये हवा रस्त्यावरच्या सायकलीइतकी ठासून भरू नये. सामानासह ३० ते ३५ पौंड दाब पुरतो. फार कमी ठेवल्यास दगडावर आपटून ट्यूब चिमटते आणि तिला शेजारी शेजारी दोन छिद्रे पडतात. तालुक्याच्या गावातील सायकलदुकानात २९ इंची माउंटन बाइकची ट्यूब बहुधा मिळत नाही. पण दूधवाल्याच्या काळ्या सायकलीला लागणारी २८ इंची ट्यूब मिळते, आणि रिमचे छिद्र मोठ्या व्हॉल्व्हचे असेल तर घरी पोचण्यापुरती ती चालून जाते. हे ज्ञान कंपनीच्या माहितीपत्रकात आढळत नाही. सामान दहा किलोंच्या आत ठेवावे, जड वस्तू खाली व चौकटीच्या मधोमध बांधाव्यात, आणि हादऱ्यांनी ढिले झालेले स्क्रू रोज संध्याकाळी आवळावेत.

दक्षिणेकडची रेघ

म्हैसूरचा नकाशा समोर पसरला की दृष्टी उत्तरेला न जाता नैऋत्येकडे वळते. कबिनीचा जलाशय, नागरहोळे आणि बंडीपूरचे अरण्य, त्यांतून जाणाऱ्या बारीक तुटक रेघा : माउंटन बाइक जणू याचसाठी घडवली आहे असे वाटते. या रेघा आपल्या आखणीत येत नाहीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात परवान्यावाचून प्रवेश करता येत नाही. सार्वजनिक रस्त्यावरून पलीकडे जाणे तेवढे वेगळे. बंडीपुरातून जाणाऱ्या महामार्गांवरही २००९ पासून रात्री नऊ ते सकाळी सहापर्यंतच्या वाहतुकीवर निर्बंध आले.

कायदा बाजूला ठेवला तरी आकडे उरतातच. हत्ती ताशी सुमारे २५ किलोमीटर वेगाने धावू शकतो. दगडांच्या वाटेवर आपला वेग ६ आहे आणि चांगल्या गाडीवाटेवर १०. शिवाय हत्ती अरण्याच्या सीमेच्या आतच राहतो असे नाही. हेग्गडदेवनकोटे आणि गुंडलुपेटच्या बाजूच्या शेतांत अंधार पडल्यावर तो पिकांवर येतो. अरण्याच्या कडेला खणलेले खंदक आणि रुळांची कुंपणे त्यासाठीच आहेत. घाणेरीच्या दाट जाळीत पाच पावलांवर उभे असलेले धूड दिसत नाही, आणि सायकलीला आवाज नसतो. सायकलीचा जो गुण आपण वाखाणतो तोच येथे जिवावर बेततो. अरण्याच्या कडेच्या गावांतून जायचेच असेल तर सकाळी नऊनंतर निघून दुपारी चारच्या आत मोकळ्या मुलखात परत यावे, आणि गावकरी थांबा म्हणाले तर थांबावे.

उत्तरेकडची वाटही सर्वस्वी मोकळी नाही. मेलुकोटेच्या डोंगराचा काही भाग १९७४ मध्ये अभयारण्य म्हणून जाहीर झालेला आहे. लांडग्यांचा अधिवास राखणे हा त्याचा एक हेतू. तेव्हा तोन्नूरहून वर जाताना झाडीतील आकर्षक पाऊलवाटा सोडून वहिवाटीचा रस्ता धरणे भाग आहे. गणितात शेवटचे दहा किलोमीटर दगडगोट्यांचे धरले असले तरी ते अभयारण्याबाहेरच्या गाडीवाटांवर भागवायचे आहेत.

माघारीच्या जागा

आता लोहमार्गाकडे परत येऊ. म्हैसूर-बंगळूर लोहमार्ग श्रीरंगपट्टण व पांडवपुर स्थानकांवरून जातो. म्हणजे पहिल्या दिवसाच्या पूर्वार्धात सायकल मोडली किंवा माणूस आजारी पडला तरी आगगाडी जवळ आहे. पांडवपुर मागे पडले की लोहमार्ग पूर्वेकडे निघून जातो. तेथून पुढे आधार श्रीरंगपट्टण-नागमंगल या मोठ्या रस्त्याचा. तो आपल्या वाटेच्या पूर्वेस राहतो, तेव्हा वाट चुकल्यास होकायंत्र पाहून पूर्वेकडे निघावे, रस्ता लागेल. अशी एक आडवी रेघ प्रत्येक टप्प्यासाठी शोधून ठेवावी. निर्णयाची जागाही आधीच ठरवलेली असावी. दुपारी एकपर्यंत तोन्नूरचे तळे गाठले नाही, तर डोंगराची वाट सोडून मोठा रस्ता धरायचा. हे घरी ठरवणे सोपे असते; तळ्याकाठी दमलेल्या, भुकेल्या आणि जिद्दीला पेटलेल्या माणसाला ते ठरवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मेलुकोटेहून श्रवणबेळगोळ आडवाटांनी ४० किलोमीटरांच्या आसपास आहे. नागमंगल आणि कृष्णराजपेट तालुक्यांतील हा माळ कोरडा, तळ्यातळ्यांनी सांधलेला आणि काहीसा निर्जन आहे. दुपारी गोमटेश्वराची डोंगरमाथ्यावरील मूर्ती दुरूनच दिसू लागते. तिच्या पायाशी कोरलेली ओळ मराठीतील आद्य शिलालेखांपैकी एक म्हणून आपल्या शालेय पुस्तकांतून सर्वांना परिचित आहे. ती पाहायला वर पायऱ्या चढून जावे लागते, म्हणून दिवसाच्या हिशेबात त्यासाठी दोन तास वेगळे ठेवावेत. श्रवणबेळगोळला रेल्वे स्थानक आहे, पण सायकल सामानाच्या डब्यातून न्यायची झाल्यास ती प्रत्येक स्थानकावर चढवता येईलच असे नाही. गाडी किती वेळ थांबते आणि सामान नोंदवण्याची सोय आहे काय, याची चौकशी निघण्यापूर्वी करावी. नसल्यास हासनपर्यंत सायकलनेच जाऊन तेथून म्हैसूरची गाडी पकडावी.

निघण्याच्या आदल्या रात्री एक कागद घरी ठेवावा. त्यावर टप्प्यांची नावे, प्रत्येक ठिकाणी पोचण्याची अपेक्षित वेळ, माघारीच्या जागा आणि रात्रीच्या मुक्कामाचे ठिकाण लिहावे. किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर कोणाला कळवायचे, हेही त्यावर असावे. मेलुकोटेच्या बाबतीत ती वेळ रात्रीचे आठ धरावी : चारला पोचण्याचा अंदाज, दोन तास उजेडाचे शिल्लक, आणि दोन तास मोठ्या रस्त्यापर्यंत सायकल ढकलीत येण्याचे.